चांदीचे घुबड आणि कांशाचे कणीस

प्राचीन ग्रीक नाण्यांच्या लिलावाचे कोणतेही जाडजूड सूचिपत्र उघडा. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्याची नोंद त्यात हटकून सापडेल, आणि ती साधारण अशी असेल : धातू चांदी, वजन १७ ग्रॅमच्या आसपास, दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेली देवी अथेना, मागील बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि नगराच्या नावाची आद्याक्षरे. पुढे ठसा मधोमध बसला आहे की सरकला आहे, झीज किती, पृष्ठभाग कसा, हे येते. आणि शेवटी हे नाणे आजवर कोणाकोणाच्या संग्रहात होते, त्याची यादी. संग्राहकांच्या भाषेत या यादीला चक्क ‘पेडिग्री’ म्हणतात, म्हणजे वंशावळ. नाण्यालाही कूळ लागते, आणि कूळ नामांकित असले की भाव चढतो. ही वंशावळ मात्र पहिल्या श्रीमंत मालकापासून सुरू होते. ती चांदी जमिनीच्या पोटातून वर आणणारा माणूस तिच्यात नसतो.

ग्रीक नाणी जमवण्याचा छंद आपल्या वस्त्यांतला नव्हे, हे मला ठाऊक आहे. अथेन्सच्या घुबडाशी आपल्याला काय करायचे, असे कोणी विचारले तर ते गैरही म्हणता येणार नाही. पण अथेन्सचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत लोकशाहीची जन्मभूमी म्हणून येते. मी तो धडा वर्गात शिकवतो. त्यात पेरिक्लीसला पाने मिळतात आणि गुलामांच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते. ते एक वाक्य उलगडायचे असेल तर नाण्यासारखे साधन नाही. ग्रंथ वरच्यांनी लिहिले. नाणे मात्र सगळ्यांच्या हातून गेले.

अथेन्सच्या आग्नेयेस साठेक किलोमीटरवर लॉरियनचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या शिशाच्या खनिजात चांदी मिसळलेली असते. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे नवा, भरघोस थर लागला. आलेला पैसा नागरिकांनी माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यावा असे चालले होते. थेमिस्टोक्लीसने तो लढाऊ जहाजांकडे वळवला. इ.स.पू. ४८० मध्ये त्याच आरमाराने सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या सम्राटाचे आरमार मोडले. हा भाग शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. पुढच्या अर्धशतकात अथेन्सचे जे वैभव उभे राहिले त्याच्यामागे दोन झरे होते : मांडलिक नगरांची खंडणी आणि लॉरियनची चांदी.

त्या चांदीसाठी खोदलेले बोगदे आजही आहेत. कित्येक ठिकाणी त्यांची उंची मीटरभरही भरत नाही. माणसाने गुडघ्यांवर नाही तर पोटावर सरकत जायचे आणि तेलाच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात छिन्नी-हातोड्याने खडक फोडायचा. वर आलेला दगड कुटायचा, दळायचा, उतरत्या फरशीवर पाणी सोडून धुवायचा, भट्टीत वितळवून शिसे काढायचे, आणि ते शिसे पुन्हा तापवून त्यातून चांदी वेगळी करायची. शिशाची वाफ कोणाच्या छातीत किती गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हिशेब ठेवला गेला तो भाड्याचा.

निसियस हा अथेन्सचा सेनापती. देवभोळा, सभ्य, सावध अशी त्याची ख्याती. नगराचे उत्पन्न कसे वाढवावे यावर झेनोफनने इ.स.पू. ३५५ च्या सुमारास एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की निसियसच्या मालकीची एक हजार माणसे खाणीत होती. सोसियस नावाच्या थ्रेसच्या माणसाला त्याने ती भाड्याने दिली होती. दर माणशी, दर दिवशी एक ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, सहा हजार द्राख्मांचा एक टॅलेंट. म्हणजे दिवसाला १६६ द्राख्मांवर आणि वर्षाला सुमारे १० टॅलेंट. घरी बसून. करारात आणखी एक अट होती : माणसांची संख्या भाडेकरूने कायम राखायची.

या अटीपाशी थोडे थांबले पाहिजे. संख्या कायम राखायची अट कोण घालतो? संख्या घटते हे ज्याला माहीत आहे तो. खाणीत माणूस मेला तर भाडेकरूने दुसरा आणून उभा करायचा, मालकाचा ओबोल चुकता कामा नये. सभ्य सेनापतीच्या खाणीतले मृत्यू आपल्याला कोणत्याही शिलालेखातून कळत नाहीत, ते कराराच्या या एका कलमातून कळतात. झेनोफनला त्यात काही वावगे दिसत नाही. उलट सरकारनेच गुलाम विकत घेऊन खाणींना भाड्याने द्यावेत, दर नागरिकामागे तीन गुलाम होईपर्यंत, अशी त्याची सूचना आहे. म्हणजे लोकशाहीने नागरिकांना पोसायचे आणि लोकशाहीला गुलामांनी पोसायचे.

संधी मिळाली तेव्हा ही माणसे स्वस्थ बसली नाहीत. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने अथेन्सच्या हद्दीत डेकेलियाला कायमचा तळ ठोकला आणि वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीस लिहितो. त्यांतले बहुसंख्य कसबी कारागीर होते. पुढे इ.स.पू. १०० च्या आसपास तर लॉरियनच्या गुलामांनी पहारेकरी मारले, सुनियनचा किल्ला घेतला आणि बराच काळ सारा मुलूख हादरवून सोडला. घुबडाच्या नाण्याची नोंद लिहिताना यातले काही लिहावे असे सूचिपत्रकाराला वाटत नाही.

आता त्या नाण्यावरच्या एका घावाविषयी. घुबडाची बरीच नाणी अशी सापडतात की ज्यांवर छिन्नीचा खोल घाव असतो. आत चांदीच आहे की वरून चांदीचा मुलामा दिलेले तांबे, हे पाहण्यासाठी इजिप्त आणि पूर्वेकडील बाजारांत असे घाव घालीत. संग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा दोष. घाव देवीच्या गालावर असेल तर किंमत पार कोसळते. खुद्द अथेन्समध्ये मात्र नाणे पारखण्याची सरकारी व्यवस्था होती. त्याविषयीचा इ.स.पू. ३७५ चा, निकोफॉनने मांडलेला कायदा दगडावर कोरलेला होता. १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात तो सापडला आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायदा असा : सरकारी पारख्याने बाजारात सराफांच्या मेजांमध्ये बसायचे. अथेन्सचे चोख नाणे त्याने चोख ठरवले की ते सगळ्यांनी घेतलेच पाहिजे. जो विक्रेता नाकारील त्याचा त्या दिवसाचा विक्रीचा सगळा माल जप्त. आत तांबे किंवा शिसे निघाले तर पारख्याने ते नाणे तिथल्या तिथे कापायचे आणि ते देवमातेच्या नावे जमा व्हायचे. आणि हा पारखी कोण? गुलाम. नगराच्या मालकीचा गुलाम. तो आपल्या जागी बसला नाही, त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला चाबकाचे पन्नास फटके.

हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. भूमध्य समुद्रावरच्या सर्वांत विश्वासू चलनाचा विश्वास एका गुलामाच्या नजरेवर आणि बोटांवर टेकला होता. तो ‘चोख’ म्हणाला की श्रीमंत व्यापाऱ्यालाही मान तुकवावी लागे. त्याचा शब्द चांदीच्या बाबतीत अंतिम. पण तोच माणूस न्यायसभेत साक्षीला उभा राहिला तर? गुलामाची साक्ष अथेन्समध्ये ग्राह्य धरायची तर ती यातना देऊन काढावी लागे, असा तिथला दंडक होता. या यातनेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, ‘बासानोस’, त्याचा मूळ अर्थ सोन्याचा कस पाहण्याचा काळा दगड. आपल्या मराठीत कसोटी. सोने दगडावर घासायचे, गुलाम चाबकाखाली. शब्द एकच. आपल्याकडेही आज्या-पणज्या सांगत आल्या आहेत की दुकानदार आपल्या माणसांच्या हातचे नाणे लांबून टाकायला लावी आणि पाणी शिंपडून उचली. धातू पाण्याने शुद्ध होई, माणूस होत नसे.

माणसांची प्रतवारी धातूंनी करण्याची ही सवय ग्रीकांच्या साहित्यातही उतरली आहे. इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सची तिजोरी रिकामी झाली होती. त्याच वर्षी गुलामांना जहाजांवर घेऊन नगराने आर्गिनुसीची लढाई जिंकली आणि त्यांना मुक्त केले. चांदी संपल्यामुळे मुलाम्याची नाणीही याच दिवसांत पाडली गेली. पुढच्या वर्षी ॲरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या नाटकात गायकवृंद तक्रार करतो की कुलीन, सुशिक्षित नागरिक म्हणजे जुनी खणखणीत चांदी, तिला आपण बाजूला ठेवतो आणि परके, तांबड्या केसांचे, हलक्या बापाचे हलके पोर वापरतो, कालपरवा पाडलेल्या तांब्यासारखे. प्लेटोने तर या कल्पनेचे शास्त्रच केले. देवाने राज्यकर्त्यांत सोने मिसळले, रक्षकांत चांदी, आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड व कांसे. ही कथा लोकांच्या गळी उतरवावी, असे तो ‘रिपब्लिक’मध्ये सुचवतो. ही कथा खोटी आहे हे तो लपवीत नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. पुरुषसूक्ताच्या भाष्यकारांनी तेवढाही प्रांजळपणा दाखवला नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना प्लेटोच्या या वर्गवारीलाही धरले आहे. माणसांना मोजक्या कप्प्यांत कोंबता येते हीच समजूत त्यांनी तिथे मोडीत काढली. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) लिहिणाऱ्याला चांदीची किंमत आणि माणसाची किंमत यांतला फरक कोणी शिकवायला नको होता.

संग्राहकांच्या कपाटातही हीच उतरंड आहे. वरच्या कप्प्यात चांदी, आणि तिच्यातही सिराक्यूजची दहा द्राख्मांची नाणी शिरोमणी. किमोन आणि युएनेटोस या ठसेकारांनी त्यांवर आपली नावे कोरली आहेत. कारागिराचे नाव टिकले याचा आनंद आहेच, पण असे भाग्य फार थोड्यांचे. खालच्या कप्प्यात कांस्य नाणी : झिजलेली, हिरवी-काळी पडलेली, खोका भरून स्वस्तात विकली जाणारी.

पण रोजचा बाजार याच नाण्यांवर चाले. अथेन्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात कांस्य नाणे रुळले. त्याचे नावच ‘खाल्कूस’, म्हणजे तांब्या-कांशाचे, आणि आठ खाल्कूस म्हणजे एक ओबोल. त्याआधी चांदीच्या ओबोलचेही भाग पाडीत. ती नाणी नखाएवढी असत आणि लोक ती तोंडात, गालफडात ठेवीत. इ.स.पू. ३९२ च्या सुमाराच्या ॲरिस्टोफेनिसच्याच दुसऱ्या नाटकात एक माणूस आठवण सांगतो. त्याने द्राक्षे विकली, गाल तांब्याच्या नाण्यांनी भरून घेतला आणि जवाचे पीठ घ्यायला बाजारात गेला. पिशवी पुढे करतो तोच दवंडी आली : आजपासून तांबे कोणी घेऊ नये, आता चांदी. प्रेक्षक हसले असतील. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर ज्यांची मजुरी हातातल्या हातात कागद झाली, त्यांना त्यात हसण्यासारखे काही सापडणार नाही.

पुराणवस्तुशास्त्राला या गरीब नाण्यांचा उपयोग चांदीहून जास्त. चांदी हंड्यात भरून पुरली जाते. कांशाचे नाणे हातातून निसटते, फरशीच्या फटीत, गटारात, चुलीजवळ पडते आणि कोणी शोधत बसत नाही. ते सहसा आपल्या नगरापासून फार लांब जात नाही. म्हणून ते जिथे पडले ती जागा बोलते : हे घर केव्हा वस्तीत होते, हे दुकान केव्हा बंद पडले. अथेन्सच्या बाजारचौकात १९३१ पासून झालेल्या उत्खननांत मिळालेली बहुसंख्य नाणी कांशाचीच आहेत. मात्र नाणे जागेवरून उचलून बाजारात नेले की ते मुके होते.

जमवणाऱ्यांचा इतिहास लांबलचक आहे, तो थोडक्यात सांगतो. रोमचा सम्राट ऑगस्टस सणासुदीला परक्या राजांची जुनी नाणी भेट देई. युरोपातल्या प्रबोधनकाळापासून सरदार, धर्मगुरू, राजे यांनी नाण्यांची कपाटे भरली. फ्रेंच आरमारातील अधिकारी जोसेफ पेलेरँ याने तीस हजारांहून अधिक नाणी जमवली आणि १७७६ मध्ये ती राजाला विकली. व्हिएन्नाच्या एखेलने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंड लिहून या पसाऱ्याला शिस्त लावली. ब्रिटिश म्युझियमने ग्रीक नाण्यांची २९ खंडांची सूची १८७३ ते १९२७ या काळात काढली. हे काम फार मोलाचे आहे, ते नाकारण्यात शहाणपण नाही. त्याच बाजाराने बेकर नावाचा जर्मन नकल्याही दिला; ताजी पाडलेली नाणी लोखंडाच्या किसात घालून, गाडीला पेटी बांधून फिरवून तो त्यांना म्हातारी करी.

बाजार अजून थांबलेला नाही. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ सुमारे १९०० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात अथेन्सची दहा द्राख्मांची चौदा नाणी होती. तोवर साऱ्या जगात अशी जेमतेम डझनभर माहीत होती. साठा चोरून देशाबाहेर गेला आणि त्यातला बहुतांश भाग अमेरिकेतल्या श्रीमंत गुंतवणूकदारांच्या एका गटाने घेतला. तुर्कस्तानने १९८९ मध्ये दावा लावला, आणि १९९९ मध्ये नाणी परत आली. कोणत्या भांड्यात, कोणत्या घराशेजारी, कोणी ती पुरली होती, हे मात्र आता कळण्याची वाट राहिली नाही.

याच छंदाने एकदा आपल्याला फार मोठे देणे दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. अलेक्झांडरनंतर बाल्ख, काबूल, पंजाब या भागात ग्रीक राजांनी राज्य केले. त्यांतला मिनँडर म्हणजे बौद्ध परंपरेतला मिलिंद. भिक्खू नागसेनाशी झालेल्या त्याच्या संवादावरूनच बाबासाहेबांनी स्थापलेल्या मिलिंद महाविद्यालयाला आणि नागसेनवनाला नावे मिळाली. १८३३ पासून काबूलच्या उत्तरेस बेग्रामच्या माळावर चार्ल्स मॅसन नावाचा गृहस्थ नाणी गोळा करी. खरे नाव जेम्स लुईस, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पळालेला साधा शिपाई. माळावर गुरे-मेंढ्या चारणाऱ्यांना जुनी तांब्याची नाणी सापडत. ते ती काबूलच्या तांबटांना आणि टांकसाळीला मोडीच्या भावाने विकीत, आणि तिथे ती वितळून जात. मॅसनने ती हजारोंनी वाचवली. या राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूस देशी लिपी असे. राजाचे नाव ग्रीकमध्ये वाचता आले की दुसऱ्या बाजूची खरोष्ठी उलगडू लागली. अगाथोक्लीसच्या कांस्य नाण्यावर तर ब्राह्मी होती; तिच्यावरून लासेनने १८३६ मध्ये त्याचे नाव वाचले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या टांकसाळीतला कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने सांचीच्या दानलेखांच्या आधाराने ब्राह्मी पुरी सोडवली आणि अशोकाच्या आज्ञा हजारो वर्षांनी पुन्हा वाचल्या गेल्या. गुराख्याने उचललेले तांबे त्या वाटेवर होते.

आता एकच नाणे राहिले. ब्रिटिश म्युझियमचे नाणकतज्ज्ञ ई. एस. जी. रॉबिन्सन यांनी १९२० मध्ये सिसिलीच्या एका चिमुकल्या कांस्य नाण्यावर टिपण लिहिले. त्याच्या एका बाजूस धान्यदेवी देमेतरचे मस्तक, दुसऱ्या बाजूस धान्याचे कणीस, आणि ग्रीक अक्षरांत ‘राजा अँटिओकस’ याचे संक्षिप्त रूप. अँटिओकस नावाचे राजे सीरियात झाले. सिसिलीच्या गादीवर त्या नावाचा कोणी बसला नाही. एक मात्र होता, आणि रॉबिन्सन यांनी हे नाणे त्याचे ठरवले. टिपणाचे शीर्षकच त्यांनी दिले : गुलामांचा राजा अँटिओकस.

त्याचे मूळ नाव युनस. सीरियातल्या अपामियाचा, सिसिलीतल्या एन्ना गावी गुलाम. तो भविष्य सांगे, तोंडातून ज्वाळा काढून दाखवी, आणि आपण राजा होणार असे म्हणे. मालक मेजवानीत त्याला पाहुण्यांपुढे उभा करून त्याच्या राज्याविषयी विचारी. पाहुणे हसून ताटातला मांसाचा तुकडा त्याला देत आणि राजा झालास की आमची आठवण ठेव म्हणत. इ.स.पू. १३५ च्या सुमारास एन्नाचे गुलाम उठले. डायोडोरस लिहितो की ज्यांनी तुकडे दिले होते त्यांची युनसने खरोखर आठवण ठेवली. गुलामांना छळणाऱ्या डामोफिलसला त्यांनी गावच्या नाट्यगृहात नेऊन मारले, पण त्याच्या मुलीने पूर्वी गुलामांना माया लावली होती, म्हणून तिला सुखरूप कटानाला नातेवाइकांकडे पोचवले. शेतावरची घरे, साठवलेले धान्य त्यांनी जाळले नाही. जाळपोळ केली ती बंडाचा फायदा घेणाऱ्या मुक्त नागरिकांतल्या गरिबांनी. रोमन फौजांना हे राज्य मोडायला इ.स.पू. १३२ उजाडले. युनस मॉर्गान्टिनाच्या तुरुंगात मेला.

संग्राहकाच्या मापाने पाहिले तर हे नाणे भिकार आहे. धातू कांसे, आकार चिमुकला, ठशाचे काम ओबडधोबड, अक्षरे अर्धवट. कणीस मात्र स्पष्ट ओळखू येते.